फुप्फुसातला न हटणारा डाग

खोकला जात नाही म्हणून छातीचा एक्स-रे काढला जातो आणि त्यात डाग दिसतो. आपल्याकडे त्या डागाचे नाव बहुतेक वेळा लगेच ठरते. ताप असेल तर न्यूमोनिया, वजन घटले असेल तर टीबी. आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. त्यामुळे डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येणे स्वाभाविक आहे. औषधे सुरू होतात, खोकला थांबतो, डाग विरतो आणि विषय संपतो.

काही डाग मात्र हटत नाहीत. अँटिबायोटिकचे दोन कोर्स होतात, टीबीच्या गोळ्या सुरू होऊन दोन-तीन महिने उलटतात, तरी डाग जिथल्या तिथे असतो किंवा किंचित वाढलेला असतो. अशा मोजक्या रुग्णांमध्ये मूळ दुखणे वेगळेच निघते : फुप्फुसातच सुरू झालेला लिम्फोमा.

हा आजार दुर्मीळ आहे. फुप्फुसात उगम पावणाऱ्या सगळ्या कर्करोगांमध्ये त्याचा वाटा जेमतेम अर्धा ते एक टक्का. तरीही त्याची माहिती असायला हवी, कारण फुप्फुसाच्या इतर कर्करोगांच्या मानाने तो उपचारांना पुष्कळ चांगली दाद देतो. त्याचा सर्वात नेहमीचा प्रकार झालेले बहुसंख्य रुग्ण निदानानंतर दहा वर्षे आणि त्याहून अधिक जगतात. अडचण उपचारांपेक्षा निदानात अधिक आहे. योग्य नाव सापडेपर्यंत महिने, कधी कधी वर्षेही जातात.

गाठ नाही, तरी लिम्फोमा

लिम्फोमा म्हटले की मानेतली, काखेतली किंवा जांघेतली गाठ डोळ्यांपुढे येते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी शरीराच्या संरक्षणाचे काम करतात आणि रसग्रंथींमध्ये त्यांची मोठी वस्ती असते. या पेशींची वाढ बेलगाम झाली की लिम्फोमा होतो. इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये अशा ग्रंथींच्या आजाराचे वर्णन केले. पुढे त्यातल्या एका प्रकाराला त्यांचे नाव मिळाले. बाकीचे सगळे प्रकार ‘नॉन-हॉजकिन’ या नावाखाली येतात. फुप्फुसात सुरू होणारा लिम्फोमा बहुतांशी या दुसऱ्या गटातला असतो.

लिम्फोसाइट फक्त ग्रंथींमध्ये नसतात. बाहेरच्या जगाशी थेट संबंध येणाऱ्या अवयवांच्या ओलसर अस्तरातही त्यांचा पहारा असतो. जठर, आतडी आणि लाळग्रंथी ही त्याची उदाहरणे. १९८३ मध्ये पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, या अस्तरातल्या लिम्फोसाइटपासून वेगळ्याच स्वभावाचा लिम्फोमा होतो. तो संथ असतो आणि बराच काळ जन्मस्थानीच राहतो. त्याला ‘माल्ट लिम्फोमा’ म्हणतात. फुप्फुसात सुरू होणाऱ्या लिम्फोमापैकी ७० ते ९० टक्के याच प्रकारचे असतात.

यात एक गंमत आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या श्वासनलिकांच्या अस्तरात लिम्फोसाइटची अशी वस्ती जवळजवळ नसतेच. दीर्घकाळ काहीतरी खुपत राहिले, म्हणजे जुना संसर्ग असला किंवा शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटली, तर ती तिथे तयार होते. मग वर्षानुवर्षे चिथावलेल्या या पेशींमधली एखादी जनुकीय बदल होऊन बिघडते. जठरात हा चिथावणीखोर कोण, हे ठाऊक आहे. तो हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. या जिवाणूचा जठरातल्या अल्सरशी असलेला संबंध शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. जठरातला माल्ट लिम्फोमा अनेकदा केवळ या जिवाणूवरच्या अँटिबायोटिकने विरतो. फुप्फुसातल्या लिम्फोमामागे मात्र असा एकच सूत्रधार सिद्ध झालेला नाही. डोळे आणि तोंड कोरडे पाडणारा शोग्रेन्स सिंड्रोम असलेल्यांमध्ये लिम्फोमाचा धोका अनेक पटींनी वाढतो, एवढे पक्के आहे. एचआयव्हीबाधितांमध्ये आणि अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमाचा धोका अधिक असतो.

तीन चुकीची नावे

माल्ट लिम्फोमाचे बहुतेक रुग्ण साठीच्या आसपासचे असतात. निम्म्यांना तर काहीच त्रास नसतो. मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी काढलेल्या एक्स-रेमध्ये डाग दिसतो आणि शोध सुरू होतो. बाकीच्यांना कोरडा खोकला, थोडी धाप किंवा छातीत दुखणे, क्वचित बडख्यातून रक्त अशा तक्रारी असतात. ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम आणि वजन घटणे ही लिम्फोमाची प्रसिद्ध लक्षणे या प्रकारात फारशी दिसत नाहीत. थोडक्यात, लक्षणांवरून याला ओळखता येत नाही.

सीटी स्कॅनवरही तो बहुरूपी असतो. कधी एक गोळा, कधी दोन्ही फुप्फुसांत अनेक गाठी, तर कधी न्यूमोनियासारखा पांढरा पट्टा आणि त्यातून जाणाऱ्या हवेने भरलेल्या काळ्या नळ्या. म्हणून त्याला पहिले चुकीचे नाव मिळते न्यूमोनियाचे. इथे काळ हा चांगला पंच ठरतो. न्यूमोनिया बरा झाल्यावर एक्स-रे स्वच्छ व्हायला सहा-आठ आठवडे लागू शकतात, वयस्कर माणसांत त्याहून जास्त. त्यानंतरही डाग तसाच असेल, तर ‘जुना डाग आहे’ म्हणून फाइल बंद करणे योग्य नाही.

दुसरे नाव टीबी. बडख्यात किंवा जनुकीय चाचणीत जंतू सापडला, तर प्रश्नच मिटतो. पण अनेकांना बडखा येत नाही किंवा तपासणीत काही सापडत नाही. अशा वेळी लक्षणे आणि एक्स-रे पाहून डॉक्टर उपचार सुरू करतात. आपल्या देशातले टीबीचे प्रमाण पाहता ते समजण्यासारखे आहे. चूक होते ती पुढे. टीबीची औषधे नियमित घेऊनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर ‘औषधाला न जुमानणारा टीबी असेल’ असे म्हणून अधिक तीव्र औषधे दिली जातात आणि मूळ निदानच तपासून पाहायचे राहून जाते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते. शिवाय यकृतावर, नजरेवर आणि कानांवर परिणाम करू शकणारी औषधे रुग्ण विनाकारण सोसतो. अर्थात, हे वाचून कोणी टीबीच्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत. अर्धवट सोडलेला टीबी हा वेगळा आणि मोठा धोका आहे.

तिसरे नाव फुप्फुसाच्या नेहमीच्या कर्करोगाचे. गोळा दिसला, तो शंकास्पद वाटला आणि फुप्फुसाचा एक भाग काढून टाकला. नंतर अहवाल आला लिम्फोमाचा, असेही घडते. लहान आणि एकाच जागी असलेल्या माल्ट लिम्फोमात शस्त्रक्रिया हाही एक उपचार आहे, त्यामुळे दरवेळी त्यात नुकसान होते असे नाही. पण दोन्ही फुप्फुसांत आजार असेल, तर मोठी शस्त्रक्रिया करून हाती काही लागत नाही.

तुकडा तपासल्याशिवाय नाव नाही

या तिन्ही नावांच्या गोंधळातून बाहेर काढणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे बायोप्सी. ‘तुकडा काढला की कर्करोग पसरतो’ या समजुतीने अनेक कुटुंबे तिला नकार देतात. ही भीती निराधार आहे. लिम्फोमा तर मुळातच सगळीकडे फिरणाऱ्या पेशींचा आजार. सुई टोचल्याने तो पसरत नाही, सुई न टोचल्याने मात्र ओळखला जात नाही.

तुकडा कसा घ्यायचा, हे डागाच्या जागेवर ठरते. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, म्हणजे ब्राँकोस्कोपी करून, आतून तुकडे घेता येतात. डाग छातीच्या भिंतीजवळ असेल, तर सीटी स्कॅनच्या मदतीने बाहेरून सुई घालतात. दोन्ही मार्गांनी नीट नमुना मिळाला नाही, तर छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने शस्त्रक्रिया करून फुप्फुसाचा लहानसा भाग काढतात. सुईने तुकडा घेताना फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा किंवा थोडा रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून नंतर काही तास रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवले जाते.

इथे एक बारकावा महत्त्वाचा. बारीक सुईने काही पेशी ओढून घेणारी एफएनएसी तपासणी लिम्फोमासाठी सहसा अपुरी पडते. फुप्फुसाचा नेहमीचा कर्करोग तीत सापडू शकतो. माल्ट लिम्फोमाच्या पेशी मात्र लहान आणि साध्या लिम्फोसाइटसारख्याच दिसतात. दाह झालेल्या कुठल्याही भागात अशा पेशी असतातच. म्हणून ‘जुनाट दाह’ एवढाच अहवाल येतो आणि सगळे निर्धास्त होतात. पेशींची मांडणी कशी आहे, त्या श्वासनलिकेच्या अस्तरात घुसल्या आहेत का, हे पाहायला जाड सुईचा अखंड तुकडा लागतो.

त्या तुकड्यावर मग इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही चाचणी होते. पेशींच्या पृष्ठभागावर कोणती प्रथिने आहेत, हे त्यांना रंगवून पाहिले जाते. सीडी-२० हे प्रथिन असेल, तर पेशी ‘बी’ जातीच्या. सगळ्या पेशी एकाच पेशीची पिल्ले आहेत असे दिसले, तर तो दाह नसून लिम्फोमा असण्याची शक्यता बळावते. संसर्गाशी लढायला जमलेल्या पेशी नाना कुळांतल्या असतात, कर्करोगाच्या पेशी एकाच कुळातल्या. गरज भासली तर जनुकीय तपासणीही करतात. फुप्फुसातल्या माल्ट लिम्फोमात ११ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल बऱ्याच रुग्णांत आढळते. त्याच वेळी तुकड्याचा एक भाग टीबीच्या तपासणीसाठीही पाठवायला हवा. दोन्ही आजार एकत्र असू शकतात.

बायोप्सीआधी स्टिरॉइड देण्याची घाई हा आणखी एक खड्डा. धाप लागते म्हणून किंवा डागाचे कारण कळत नाही म्हणून प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्या सुरू केल्या जातात. रुग्णाला बरे वाटते, डागही आकसतो. पण लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडने मरतात, त्यामुळे नंतर घेतलेल्या तुकड्यात आजार सापडेनासा होतो. औषध थांबले की तो परततो. तब्येत तातडीची नसेल, तर आधी तुकडा आणि मग स्टिरॉइड, हा क्रम पाळायला हवा.

आजार कुठवर आहे?

निदान झाल्यावर पुढचा प्रश्न : लिम्फोमा फुप्फुसातच सुरू झाला, की दुसरीकडून तिथे आला? दुसरीकडून येण्याचेच प्रमाण जास्त असते. म्हणून मान ते मांड्यांपर्यंतचा पीईटी-सीटी स्कॅन, रक्ततपासण्या आणि अनेकदा अस्थिमज्जेची तपासणी केली जाते. माल्ट लिम्फोमात जठराची दुर्बिणीतून तपासणीही करतात, कारण तो एकाच वेळी दोन अस्तरांत असू शकतो. निदानाच्या वेळी आणि त्यानंतर तीन महिने फुप्फुसाबाहेर आजार दिसला नाही, तर त्याला फुप्फुसाचा मूळ लिम्फोमा म्हणतात.

पीईटी स्कॅनबद्दल एक गैरसमज आहे. त्यात ‘चमकले’ म्हणजे कर्करोग, असे अनेकांना वाटते. हा स्कॅन साखरेचा वापर जास्त करणाऱ्या जागा दाखवतो. टीबीचा डागही चमकतो, आणि संथ माल्ट लिम्फोमा कधी कधी फारसा चमकत नाही. पीईटीवरून बायोप्सी कुठून घ्यावी आणि आजार किती पसरला हे ठरवता येते. बायोप्सीची जागा तो घेऊ शकत नाही.

कर्करोग आहे, पण औषध नको?

संथ माल्ट लिम्फोमाच्या उपचारांत सर्वात आधी येतो तो पर्याय रुग्णाच्या घरच्यांना पचत नाही. त्रास नसेल आणि आजार थोडा असेल, तर काहीच न करता ठरावीक काळाने तपासत राहायचे. हा हलगर्जीपणा नव्हे. हा आजार वर्षानुवर्षे एका जागी राहू शकतो, कधी कधी आपोआप आकसतोही. त्रास नसताना लवकर औषध दिल्याने आयुष्य वाढते, असे दिसलेले नाही. दुष्परिणाम मात्र लगेच सुरू होतात. अट एकच, दर काही महिन्यांनी तपासणीला जायलाच हवे. थोड्या रुग्णांत हा संथ आजार पुढे वेगवान रूप घेतो, ते वेळेत लक्षात यावे लागते.

आजार एकाच जागी असेल आणि त्रास देत असेल, तर शस्त्रक्रिया किंवा कमी मात्रेतले किरणोपचार पुरतात. लिम्फोमाच्या पेशी किरणांना चटकन दाद देतात. आजार पसरलेला असेल, तर रितुक्सिमॅब हे इंजेक्शन शिरेतून देतात. ते वर सांगितलेल्या सीडी-२० प्रथिनाला जाऊन चिकटते आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या खुणेवरून पेशी नष्ट करते. ते एकटे किंवा क्लोरँब्युसिल, बेंडामस्टिन यांसारख्या केमोथेरपीच्या औषधांबरोबर दिले जाते. माल्ट लिम्फोमाचे निदान झालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात.

वेगवान प्रकारात उशीर नको

फुप्फुसातल्या लिम्फोमापैकी १० ते २० टक्के ‘डिफ्यूज लार्ज बी सेल’ या वेगवान प्रकारचे असतात. इथे चित्र उलटे असते. खोकला, धाप, ताप, घाम आणि झपाट्याने घटणारे वजन ही लक्षणे काही आठवड्यांतच दिसतात. गोळा वाढत जातो, मधोमध पोकळीही होऊ शकते. अशा वेळी पुन्हा टीबीचाच संशय येतो. इथे वाट पाहणे धोक्याचे.

यावर ‘आर-चॉप’ हा उपचार दिला जातो. त्यात रितुक्सिमॅबबरोबर केमोथेरपीची तीन औषधे आणि प्रेडनिसोलोन असते. साधारण दर २१ दिवसांनी एक, अशी बहुधा सहा आवर्तने होतात. या प्रकारच्या लिम्फोमाचे, तो शरीरात कुठेही असो, दहापैकी साधारण सहा रुग्ण या उपचाराने कायमचे बरे होतात. वेगवान आजार मुळापासून बरा होऊ शकतो. संथ आजार पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, पण त्याच्यासह दीर्घकाळ जगता येते.

आजार उलटला, तर दुसऱ्या फळीची औषधे, रुग्णाच्याच मूळ पेशींचे प्रत्यारोपण आणि आता कार-टी पेशी उपचारही आहेत. कार-टीमध्ये रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढून त्यांना लिम्फोमा ओळखायला शिकवले जाते आणि त्या परत शरीरात सोडल्या जातात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून विकसित केलेल्या अशा पहिल्या भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकांची मंजुरी मिळाली.

उपचारांआधी आणि उपचार चालू असताना

रितुक्सिमॅब सुरू करण्याआधी हिपॅटायटिस ‘बी’ची तपासणी अनिवार्य आहे. हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे झोपून राहतो आणि या औषधाने जागा होऊन यकृत निकामी करू शकतो. तो सापडला म्हणून उपचार थांबत नाहीत, विषाणूविरोधी गोळ्यांचे संरक्षण देऊन ते पुढे चालू ठेवता येतात. हिपॅटायटिस ‘सी’ आणि एचआयव्ही तपासणेही आवश्यक असते. आर-चॉपमधल्या डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी इकोकार्डिओग्राफी केली जाते. पूर्वी टीबी होऊन गेला असेल, तर तो डॉक्टरांना सांगावा, कारण प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर तो पुन्हा उफाळू शकतो.

केमोथेरपी चालू असताना १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप गेला, तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

खर्चाचा प्रश्न मोठा आहे, पण चित्र पूर्वीइतके निराशाजनक नाही. रितुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती २००७ मध्ये बाजारात आली, पुढे इतर कंपन्यांनीही ती काढली आणि किमती उतरल्या. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच भेटून कोणते उपचार बसतात आणि कोणती कागदपत्रे लागतील, हे विचारून घ्यावे.

डॉक्टरांना काय विचारावे?

डाग हटत नसेल, तर रुग्णाने किंवा घरच्यांनी काही प्रश्न संकोच न करता विचारावेत. टीबीचे निदान जंतू सापडल्यामुळे झाले आहे, की एक्स-रेवरून? औषधांचा फरक पडला, हे केव्हा आणि कशावरून ठरवणार? फरक पडला नाही, तर बायोप्सी कधी करायची? लिम्फोमाचा अहवाल आला असेल, तर प्रकार कोणता, संथ की वेगवान? इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री झाली आहे का? अहवालात संदिग्धता असेल, तर तुकड्याचे पॅराफिन ब्लॉक आणि काचपट्ट्या घेऊन दुसऱ्या तज्ज्ञ विकृतिशास्त्रज्ञाचे मत घेता येते. हा रुग्णाचा हक्क आहे आणि चांगले डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत.

जुने एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या सीडी फेकून देऊ नयेत. तीन वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्ये तोच डाग थोडा लहान दिसला, तर संथ लिम्फोमाचा तो मोठा धागा असतो. नव्या डॉक्टरकडे जाताना हे सगळे तारखेनुसार लावून न्यावे.